टर्बो केवढा घ्यावा? (आधी रस्ता बघावा!)

मित्रांनो, सबमिशन जवळ आलं की होस्टेलवर दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे कोणाची जर्नल्स पूर्ण आहेत, आणि दुसरा म्हणजे कोणत्या गाडीत काय बसवलं की ती किती पळेल. पहिल्या विषयावर सगळे गप्प बसतात, म्हणून रात्री दोन वाजता दुसरा रंगतो. मग कोणीतरी मॅगीचा शेवटचा घास तोंडात टाकत निकाल देतो, "त्यात काय, मोठा टर्बो टाकायचा! ३०० हॉर्सपॉवर!" आणि सगळे झोपायला जातात.

हा निकाल मी स्वतःही बऱ्याच वेळा दिला आहे. मागच्या पावसाळ्यात मात्र तो मागे घेतला. का, ते आधी सांगतो.

आमचा एक सिनियर (नाव सांगत नाही, त्याच्या घरी अजून सगळं माहीत नाही) पास आऊट होऊन नोकरीला लागला. त्याने एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि वर्षभराच्या बचतीतून एका गॅरेजमध्ये तिला भला मोठा टर्बो बसवून घेतला. डायनोचा कागद तो पाकिटात घेऊन फिरायचा. कागदावरचा आकडा खरंच छान होता. पण शहरात गाडी मूळ गाडीपेक्षाही मठ्ठ वाटायची. ४५०० आरपीएमपर्यंत काहीच नाही, आणि मग एकदम पाठीत धपाटा!

जुलैमध्ये आम्ही चौघं पसरणी घाटातून पाचगणीला चाललो होतो. ओला रस्ता, दुसरा गिअर, डावं वळण. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, काही झालं नाही. म्हणून अजून दाबला. वळणाच्या बरोबर मध्ये बूस्ट आला, पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी वळायचं सोडून सरळ गेली. समोरून कोणी येत नव्हतं आणि कठडा भक्कम होता, म्हणून हा लेख लिहितो आहे.

परत आल्यावर आय.सी. इंजिन लॅबमधल्या काकांना हा किस्सा सांगितला. वाटलं, ओरडतील. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "अरे, तुमची गाडी दिवसभरात ४५०० च्या वर किती वेळ असते?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. काका म्हणाले, "टर्बो वाईट नाही रे. त्याला लागतो तो रस्ता तुमच्याकडे नाही."

त्यानंतर मी हा विषय जरा नीट वाचला. त्यातलं जे समजलं ते इथे मांडतो.

टर्बो नेमकं काय करतो?

सिलिंडरमध्ये जेवढी हवा जाईल तेवढंच पेट्रोल नीट जळतं. टर्बोचं काम एवढंच, की जास्त हवा कोंबायची. एक्झॉस्ट वायू टर्बाइनचं चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला असलेला कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनाला देतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट दीड-दोन लाख आरपीएमपर्यंत फिरतो.

इथे दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. पहिला बूस्ट थ्रेशोल्ड. म्हणजे असा आरपीएम, की ज्याच्या खाली तुम्ही पाय कितीही दाबून ठेवा, एक्झॉस्टमध्ये टर्बोला पुरेसं फिरवण्याइतकी ऊर्जाच नसते. दुसरा टर्बो लॅग. म्हणजे थ्रेशोल्डच्या वर असतानासुद्धा पाय दाबल्यापासून पूर्ण बूस्ट येईपर्यंत जाणारा वेळ. आमच्या सिनियरला घाटात दोन्ही एकदम भेटले.

लॅगचं मूळ चाकाच्या इनर्शियात आहे. आकार तोच ठेवून चाक मोठं केलं तर त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो (वस्तुमान तिसऱ्या घाताने, त्रिज्येचा वर्ग दुसऱ्या घाताने, बेरीज पाच). म्हणजे चाक फक्त १० टक्के मोठं घेतलं तर इनर्शिया १.६ पट, आणि २० टक्के मोठं घेतलं तर जवळजवळ अडीच पट! "थोडासा मोठा घेऊ" असं म्हणताना हे लक्षात ठेवा.

कंपन्यांनी काय केलं?

ही चूक आपणच करतो असं नाही. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये २००२ टर्बो आणली. २ लिटर, १७० हॉर्सपॉवर. त्या काळात हा आकडा मोठा होता, पण खालच्या आरपीएमला ती थंड आणि वर गेली की अचानक खवळणारी, अशीच तिची ख्याती झाली. १९७७ मध्ये साबने ९९ टर्बो दाखवली. तीसुद्धा २ लिटरची, पण आकडा फक्त १४५. साबच्या लोकांनी मुद्दाम छोटा टर्बो घेतला, तो लवकर फिरेल असं बघितलं, आणि वर गेल्यावर बूस्ट जास्त होऊ नये म्हणून वेस्टगेटने जादा एक्झॉस्ट बाहेर सोडला. रोजच्या गाडीला टर्बो लावायची हीच पद्धत पुढे रूढ झाली.

याहून चांगलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपचं १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हचं इंजिन. आपल्याकडे पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ते १५० हॉर्सपॉवरच्या रूपात आलं होतं. याच १७८१ सीसीच्या इंजिनाला कंपनीने दोन आकारांचे टर्बो लावले:

– छोटा के-०३ : १५० हॉर्सपॉवर. २१० न्यूटन-मीटर टॉर्क, १७५० ते ४६०० आरपीएम.
– मोठा के-०४ (ऑडी टीटी) : २२५ हॉर्सपॉवर. २८० न्यूटन-मीटर टॉर्क, २२०० ते ५५०० आरपीएम.

वर ७५ हॉर्सपॉवर मिळाले, पण पूर्ण टॉर्क ४५० आरपीएम उशिरा यायला लागला. आणि हे कंपनीच्या इंजिनिअरांनी, दोन इंटरकूलर लावून, सगळं जुळवून केलेलं काम आहे. एवढं करूनही किंमत मोजावीच लागली. मग आपण गॅरेजमध्ये अंदाजाने बसवलेल्या टर्बोचं काय होणार?

आता कागद-पेन घ्या

हेच इंजिन धरू आणि गणित करू. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे.

पायरी १ : प्रामाणिक टार्गेट. मेसमध्ये सांगायचा आकडा नाही, खरा लागणारा आकडा. आपण २२० हॉर्सपॉवर धरू, ६००० आरपीएमला.

पायरी २ : हवा किती लागेल? टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण लोडवर एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण ०.२५ किलो पेट्रोल लागतं. म्हणजे २२० ला ५५ किलो. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १२ : १ धरलं तर हवा तासाला ६६० किलो, म्हणजे मिनिटाला ११ किलो. (बऱ्याच मॅपवर पौंड असतात. ११ किलो म्हणजे साधारण २४ पौंड.) आताच्या ई२० पेट्रोलवर हवेचा आकडा फारसा बदलत नाही, पण इंधन जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर निवडताना ते धरायला विसरू नका.

पायरी ३ : दाब किती? फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. १.७८१ लिटर गुणिले ३००० म्हणजे मिनिटाला ५.३४ घनमीटर. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ९० टक्के धरली तर ४.८१ घनमीटर. एवढ्या जागेत ११ किलो हवा बसवायची तर घनता २.२९ किलो प्रति घनमीटर हवी. इंटरकूलरनंतर हवा ५५ अंशांवर आहे असं धरून आदर्श वायूचं समीकरण लावलं की मॅनिफोल्डमध्ये साधारण २१५ किलोपास्कल ॲब्सोल्यूट दाब येतो. इंटरकूलर आणि पाइपमध्ये १० किलोपास्कल जातात, म्हणजे कॉम्प्रेसरने २२५ द्यायला हवेत.

पायरी ४ : प्रेशर रेशो. मुंबईत, समुद्रसपाटीला, बाहेर १०१ किलोपास्कल. एअर फिल्टरमध्ये २ गेले, उरले ९९. २२५ भागिले ९९ म्हणजे २.२७.

आता हेच गणित ३०० हॉर्सपॉवरसाठी करून बघा. मिनिटाला १५ किलो हवा, आणि ६००० आरपीएमलाच ती हवी असेल तर मॅनिफोल्डमध्ये जवळजवळ २९५ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १.९ बार बूस्ट. मूळ कनेक्टिंग रॉड, क्लच आणि गिअरबॉक्सला हे विचारलं आहे का? मॅगी खाताना हा प्रश्न कोणी काढत नाही.

मॅप वाचायचा कसा?

टर्बो बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक कॉम्प्रेसरचा मॅप देतात. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्या अक्षावर प्रेशर रेशो. मध्ये सर्व्हेइंगच्या टोपोशीटवर टेकडीच्या कंटूर रेषा असतात तशी वर्तुळं दिसतात. (सिव्हिलवाले इथे आपल्या पुढे आहेत!) टेकडीचा माथा म्हणजे सगळ्यात जास्त एफिशियन्सी, साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास.

डाव्या बाजूची तिरपी रेषा म्हणजे सर्ज. तिच्या डावीकडे गेलं की दाबलेली हवा उलटी फिरते, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि शाफ्टच्या बेअरिंगला मार बसतो. उजवीकडची हद्द म्हणजे चोक. तिथे कॉम्प्रेसर हवा पुढे ढकलण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो.

हे तापणं किती, तेही बघू. बाहेर ३० अंश, प्रेशर रेशो २.२७. एफिशियन्सी ७२ टक्के असेल तर कॉम्प्रेसरमधून हवा साधारण १४१ अंशांवर बाहेर येते. टर्बो फार छोटा असल्यामुळे तीच एफिशियन्सी ६० वर आली तर १६३ अंश. गरम हवा म्हणजे नॉकिंग, आणि नॉकिंग म्हणजे पिस्टनचं श्राद्ध. थोडक्यात, फार छोटा टर्बो हासुद्धा उपाय नाही.

आता मॅपवर दोन बिंदू मांडा. पहिला ६००० आरपीएमचा : ११ किलो, २.२७. दुसरा तुम्हाला जिथून पूर्ण बूस्ट हवा आहे तिथला. समजा २५०० आरपीएम. तेवढ्याच दाबाला हवा आरपीएमच्या प्रमाणात कमी लागेल, म्हणजे साधारण ४.६ किलो. बरेच जण पहिलाच बिंदू मांडून थांबतात आणि मोठा टर्बो घेऊन येतात. रस्त्यावरची गाडी मात्र जास्त वेळ दुसऱ्या बिंदूजवळ जगते. तिसऱ्या गिअरला ५०-६० च्या स्पीडने चाललेली गाडी २०००-२५०० च्याच आसपास असते.

समजा एखाद्या कॉम्प्रेसरची सर्ज रेषा २.२७ ला ६ किलोवर आहे. तर २५०० ला तुमचा बिंदू त्या रेषेच्या डावीकडे पडला. म्हणजे तिथे हा टर्बो तुम्हाला पूर्ण बूस्ट देऊच शकत नाही, मग एक्झॉस्टची बाजू कितीही सुधारा. म्हणून नियम सोपा आहे : दोन्ही बिंदू मॅपच्या आत पडतात असे टर्बो काढा, आणि त्यातला सगळ्यात छोटा घ्या.

मुंबई, पुणे आणि महाबळेश्वर

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती कुठल्याही परदेशी पुस्तकात आपल्यासाठी करून दिलेली नसते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर, तिथे ८६. इंजिनाला तोच २२५ चा दाब हवा असेल तर :

– मुंबई : प्रेशर रेशो २.२७
– पुणे : २.४२
– महाबळेश्वर : २.६८

बिंदू वर तर सरकतोच, शिवाय उजवीकडेही सरकतो, कारण मॅपवरचा प्रवाह हा इनलेटच्या दाबाप्रमाणे दुरुस्त केलेला असतो. मुंबईत ११ वर असलेला बिंदू पुण्यात ११.७ आणि महाबळेश्वरला साधारण १३ वर जातो. म्हणजे मुंबईत आरामात चालणारा टर्बो घाट चढून गेल्यावर तेवढ्याच ताकदीसाठी कितीतरी जास्त वेगाने फिरत असतो. म्हणून अगदी काठावर बसणारा टर्बोही घेऊ नये. "सगळ्यात छोटा" याचा अर्थ, तुमच्या सगळ्यात उंच रस्त्यावर पुरणारा सगळ्यात छोटा.

एक्झॉस्टची बाजू

कॉम्प्रेसर ठरला की टर्बाइन हाउसिंग निवडायचं. तिथे ए बाय आर नावाचा आकडा असतो. हाउसिंगच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले त्या क्षेत्राच्या मध्यापासून शाफ्टपर्यंतचं अंतर. होस्टेलच्या बागेत पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरतो ना, तेच तत्त्व. वाट अरुंद केली की धार जोरात जाते. ०.६४ चं हाउसिंग ०.८६ पेक्षा लवकर बूस्ट देतं. पण वर ६००० ला तीच अरुंद वाट एक्झॉस्टला अडवते, बॅक प्रेशर वाढतं आणि सिलिंडरमध्ये जळका वायू उरतो. रस्त्यावरच्या गाडीला साधारणपणे छोटं हाउसिंग आणि नीट काम करणारा वेस्टगेट ही जोडी बरी पडते.

आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हीजीटी असतो. त्यात ही वाट पात्यांनी कमी-जास्त होते, म्हणजे अंगठा आपोआप हलतो. पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त गरम असल्यामुळे तिथे हे अवघड आणि महाग. पोर्शेने ते २००६ च्या ९११ टर्बोमध्ये करून दाखवलं, पण आपल्या खिशाने त्या वाटेला जाऊ नये.

टर्बोच्या आधी

अजून थोडं, जे कोणी सांगत नाही. पॉवर वाढवायच्या आधी ब्रेक, टायर, क्लच, इंजेक्टर आणि कूलिंग बघा. ट्यूनिंग न करता टर्बो बदलू नका, मिश्रण पातळ झालं की पिस्टन जातो. आणि कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा हेच काढतात. सिनियरला कठड्यानंतर हा धडा वेगळा मिळाला. सगळा खर्च खिशातून! म्हणून काही करायचंच असेल तर आधी आर.टी.ओ.त जाऊन चौकशी करा.

असो. सिनियरने तो टर्बो काढून टाकला. मी वर केलेलं गणित त्याच्या इंजिनाचे आकडे घालून त्याला करून दिलं. ते बघून तो म्हणाला, "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "आधी मी पण ३०० च म्हणत होतो." आता त्याच्या गाडीत मूळ मापाचाच टर्बो आहे. डायनोचा कागद पाकिटात नाही. पण मागच्या महिन्यात आम्ही त्याच घाटातून गेलो, तेव्हा प्रत्येक वळणातून पाय दाबला की लगेच, जेवढा दाबला तेवढीच गाडी ओढत होती. मागच्या सीटवर दोघंजण चक्क झोपले होते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी रात्री दोन वाजता कोणी "मोठा टर्बो टाक" म्हणालं, तर त्याला काकांचा प्रश्न विचारा. गाडी दिवसभरात किती आरपीएमला असते? उत्तर आलं की कागद-पेन द्या. आणि मॅगी मात्र अर्धी माझ्यासाठी ठेवा.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी